हनुवटीखाली हात

“आजोबा, उच्चारातली अक्षरं मोजायला हनुवटीखाली हात धरा आणि म्हणा, ‘नू मांझों’. म्हणजे ‘आम्ही खातो’. ‘मांझों’ लिहायला लांबलचक, पण त्यात हनुवटी दोनदाच खाली जाते,” फ्रेंचच्या मॅडम म्हणाल्या.

माझी हनुवटी हललीच नाही. कवळी सैल झाल्यामुळे मी ओठ आवळूनच बोलत होतो. वर्गातली कॉलेजची मुलं बघायला लागली. उद्यापासून येऊच नये, असं वाटलं. पण फ्रान्समधली माझी नात ईरा फ्रेंचच बोलते. व्हिडिओ कॉलवर आम्ही एकमेकांना नुसते हात हलवून दाखवतो.

मी कवळी काढून रुमालात गुंडाळली. “नू मां-झों.” हात बरोबर दबला.

“आता काय खाणार, आजोबा?” मागून एक मुलगी म्हणाली. वर्ग हसला.

“पेज,” मी म्हणालो आणि मलाही हसू फुटलं.

“अक्षरं अगदी बरोबर तोडलीत,” मॅडम म्हणाल्या.

महिनाभरात मी वर्गात एकही प्रश्न विचारला नव्हता. आज राहवलं नाही.

“मॅडम, ‘तू खातेस’ला हनुवटी कितीदा?”

“‘त्यू मांझ’. त्यातल्या ‘मांझ’ला एकदाच.”

हनुवटीखालचा हात न काढता मी ते पुनःपुन्हा म्हणत राहिलो. संध्याकाळी ईराचा फोन येणार होता.