बाज बाहेर काढायची का?

"दहा दिवस थांब भावा. प्रोग्राम टेस्टिंगमध्ये येऊ दे," रुद्रेशचा मित्र फारुख फोनवर सांगत होता.

"आणि दहा दिवस आईनं थंडीत काढायचे?" जानेवारी असून रुद्रेशच्या कपाळावर घाम होता.

सास्तूरच्या त्या घरात दाराशीच जुना कंप्युटर मांडलेला. बाहेर जमिनीत सेन्सर पुरला होता, हादरा बसला की घरात भोंगा वाजायचा. तो सेन्सर आज सकाळीच बंद पडला. फारुखनं धाराशिवहून पाठवून ठेवलेला नवा सेन्सर रुद्रेशनं त्याच जागी पुरला, पण कंप्युटर ज्या डेबियन सिस्टिमवर चालायचा, तिच्यातला जुना प्रोग्राम त्याला ओळखेना. ओळखणारा प्रोग्राम आजच आला होता, तोही डेबियनच्या अनस्टेबल, म्हणजे अजून न पारखलेल्या भागात. तिथं माल ताजा असतो, पण एखाद्या दिवशी सगळं मशीनच आडवं पाडतो. दहा दिवस कुणाची तक्रार आली न्हाय, की मग तोच टेस्टिंग नावाच्या जरा भरवशाच्या भागात उतरतो.

त्र्याण्णवच्या भूकंपात लक्ष्मीबाईंनी तीन वर्षांच्या रुद्रेशला ढिगाऱ्यातून उपसून काढलं होतं. पुढं नवं घर मिळालं, तरी मायलेकांच्या बाजा अंगणातच राहिल्या. आईला एकटीला कसं सोडायचं? सोलापूरला कामाला गेला तरी गडी लॉजवर राहत नसे. कितीही उशीर होवो, परत यायचा. तीन वर्षांपूर्वी त्यानं हे मशीन बसवलं, तेव्हा कुठं दोघं आत झोपायला लागली. आणि आता डॉक्टरांनी बजावलं होतं, यंदा आईच्या छातीला गार वारं लागलं तर अवघड आहे.

लक्ष्मीबाई उंबऱ्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. "न्हाय झालं चालू, तर आज बाज बाहेर काढायची का रे?"

"होतंय आई. बस तू."

"आईंना विचार तरी, भोंग्याशिवाय आत झोपता का म्हणून," फारुख म्हणाला.

"विचारायचं काय त्यात? तोंडावरच दिसतंय." त्यानं फोन ठेवला आणि अनस्टेबल निवडलं.

पडद्यावर ओळी धावू लागल्या. मग मशीन आपणहून बंद झालं आणि पडदा काळा पडला. एक मिनिट गेलं, दोन गेली. काय अवदसा आठवली मला, दहा दिवसांसाठी कायमचंच घालवलं, असं रुद्रेशला झालं. आई खोकली, तसा तो दचकला.

पडदा उजळला.

"आई, मुसळ हाण."

दर सोमवारी दोघं अशीच तपासणी करायची. लक्ष्मीबाईंनी अंगणात जाऊन मुसळ आपटलं. भोंगा असा बोंबलला, की शेजारची कुत्री भुंकत सुटली. रुद्रेश भिंतीला टेकून खाली बसला. वाचलो बाबा.

नव्या प्रोग्राममध्ये एक तक्ता होता. मशीन चालू असलेले तास हिरवे, बंद असलेले पांढरे. जुन्या नोंदीही त्यानं वाचून काढल्या होत्या. रुद्रेश बघतच राहिला. तीन वर्षं, जवळपास रोज, रात्री दहा ते पहाटे पाच, पांढरा पट्टा.

सकाळी मशीन नव्यानं सुरू झालेलं दिसलं, की तो गावच्या लाईटीला शिव्या घालायचा.

"आई, लाईट रोज दहालाच जाती का गं?"

"न्हाय. तुला झोप लागली की म्या पिन काढते, पहाटं परत लावते. लई घरघर करतंय ते."

"अगं, मग रात्री भूकंप झाला असता तर?" त्याचा आवाज चिरकला. "तुला भ्या न्हाय वाटत?"

लक्ष्मीबाईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मला कशाचं भ्या रं? ल्हान व्हतास तवा छप्पर दिसलं की वरडायचास, म्हणून तुझ्या सोबतीला म्या बाज टाकली बाहेर."