राणी मेल्यावर

"फौजा बदलू," प्रज्ञा म्हणाली. "तू टोळ घे, मी माणसं घेते. मग कळेल, खोट नियमांत आहे की तुझ्या खेळण्यात."

खोलीतली कुजबुज थांबली. कॉलेजच्या टेबल टेनिसच्या टेबलावरची जाळी काढून पुठ्ठ्याच्या टेकड्या मांडल्या होत्या. एका बाजूला पंचवीस प्लास्टिकचे सैनिक. दुसऱ्या बाजूला हिरव्या रंगात बुडवलेले शंभर चिंचोके आणि त्यांच्यामागे एक मोठं लाल बी. हिरवे म्हणजे परग्रहावरून आलेले टोळ, लाल ती त्यांची राणी. हा खेळ प्रज्ञा आणि गोरक्षनाथनं पहिल्या वर्षाला असताना मिळून काढला होता. नियम प्रज्ञानं लिहिले, आणि टोळही कायम तीच खेळायची. गेल्या नऊ डावांत ती एकदाही हरली नव्हती.

"नियम तू लिहितीस, अन् फौजबी तुझीच," गोरक्षनाथ मघाशी सगळ्यांदेखत म्हणाला होता. "मेलेले टोळ दर फेरीला वारुळातनं परत येत्यात. आमी मारायचं तरी किती?"

ते तिला झोंबलं होतं. येत्या रविवारी गॅदरिंगला नाशिक-संगमनेरचे संघ कोपरगावात येणार होते. नियमांची वही आजच टायपिंगला द्यायची होती. गॅदरिंगची सेक्रेटरी दीपा वही हातात घेऊन उभी होती.

"प्रज्ञा माणसांच्या बाजूनं खेळून जिंकली तर नियम आहेत तसेच राहतील," दीपा म्हणाली. "हरली तर नवे लिहायचे. कुणी लिहायचे, ते गोरक्षनाथ सांगेल."

डाव सुरू झाला. प्रज्ञानं सगळे सैनिक एका टेकडीवर दाटीनं उभे केले. टोळ चारी बाजूंनी आले. तिसऱ्या फेरीपर्यंत तिनं चाळीस मारले. गोरक्षनाथनं वारुळाचे दोन फासे टाकले. अकरा पडले. अकरा टोळ परत टेबलावर आले. पुढच्या फेरीला नऊ. तिच्याकडे आठच सैनिक उरले. आपण लिहिलेला नियम समोरून कसा दिसतो, हे ती पहिल्यांदाच बघत होती.

तिनं टेकडी सोडली. चार सैनिक टेबलाच्या कडेकडेनं थेट राणीपर्यंत नेले. राणीला मारायला आता फाशावर सहाच हवे होते. तिनं फासा टाकला.

सहा.

एकच गलका झाला. राणी मेली की टोळ जागच्या जागी थिजतात, हे सगळ्यांना पाठ होतं. गोरक्षनाथचा चेहरा उतरला. तरी त्यानं हात पुढे केला. "हारलो."

प्रज्ञानं हात हातात घेतला नाही. ती टेबलाकडे बघत राहिली. नियमांत आणखी एक ओळ होती. ती आजवर कधी लागलीच नव्हती, कारण तिच्या राणीपर्यंत कुणी कधी पोचलंच नव्हतं. ती ओळ तिच्याशिवाय कुणाच्याही लक्षात नव्हती. गप्प राहिली तर डाव तिचाच होता. पोरी तिच्या पाठीवर थापा मारत होत्या.

"थांब," ती म्हणाली. "राणी मेल्यावर त्याच फेरीत वीतभर अंतरातला एक टोळ नवी राणी होऊ शकतो. दीपा, नववं पान बघ."

दीपानं पान काढलं, वाचलं आणि होकारार्थी मान हलवली. गलका विरला.

 गोरक्षनाथनं टेबलावर वीत टेकवली आणि एका हिरव्या चिंचोक्यावर बोट ठेवलं. टोळ पुन्हा हलले. दोन फेऱ्यांत टेबलावर एकही सैनिक उरला नाही.

आता गलका झाला नाही.

"तुझंच खरं होतं," प्रज्ञा म्हणाली. "वारुळाला दोन फासे जास्त होतात. एकच पाहिजे."

दीपानं गोरक्षनाथकडे पाहिलं. "मग? नवे नियम कुणी लिहायचे?"

"तिनंच," गोरक्षनाथ म्हणाला. "तिच्या जागी मी असतो ना, तर गप बसलो असतो."