पंचवीस वर्षांची हमी

साल २०१०. जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतातल्या सोलर कारखान्यात पॅनेल तपासणारी रोझविटा आपल्या छपरासाठी स्वस्त चिनी पॅनेल घेणार होती. संचालक क्रुम्बहोल्ट्स साहेबांनी कॅन्टीनमध्ये सगळ्यांदेखत टोमणा मारला, "उद्या ती कंपनी बुडाली तर पंचवीस वर्षांची हमी कुणाकडे मागाल, बाई?" ओशाळून तिने सगळी शिल्लक आपल्याच कारखान्याच्या पॅनेलांत घातली.

दोन वर्षांत कारखान्याला टाळं लागलं, नोकरीही गेली. पुढे तीन पॅनेल बंद पडले, तेव्हा हमीचा कागद ज्याला दाखवावा असं कुणी उरलं नव्हतं. नवे विकायला मात्र साहेबच दारात आले. "चिनी आहेत, बाई. पंचवीस वर्षांची हमी!"

"पॅनेलची राहू द्या, साहेब. तुमची किती वर्षांची?"


त्यानंतर साहेबांनी दोन कंपन्या बदलल्या. रोझविटाचे उरलेले पॅनेल अजून चालू आहेत.