वाट देणाऱ्या गाड्या

"दिली पोरानं किल्ली!" अण्णांनी गाडीची किल्ली गेम पार्लरच्या मालकाच्या नाकासमोर नाचवली. "आठ महिन्यांनी. झक मारत दिली."

मालक काउंटर पुसत होता. त्याचा हात थांबला. अण्णांच्या मागून त्यांची सहा वर्षांची नात आत आली आणि थेट रेसच्या मशीनपाशी जाऊन स्टीअरिंग फिरवू लागली.

"आणि डोळ्यांचं काय म्हणाला?"

"काय म्हणणार? फोनमधले फोटो दाखवले. एकतीस दिवस, ओळीनं पहिला नंबर. म्हटलं, आंधळा माणूस पहिला येतो का रे? बसला गप्प. आता हिला घेऊन आत्याकडे निघालोय, हायवेनं. म्हटलं, जाता जाता तुला सांगावं. तुझ्या मशीननं अब्रू राखली माझी."

एके काळी या पार्लरमध्ये रेसची सहा मशीन होती आणि पोरं नंबरावरून हमरीतुमरीवर यायची. मग पोरांच्या हातात फोन आले, फोनमध्ये बंदुका आल्या, आणि नुसतं भरधाव पुढे जाण्यात कुणाला गंमत वाटेना. पाच मशीन भंगारात गेली. सहावं वाचवायला मालकाने जी युक्ती केली ती या धंद्यात बरेच जण करतात. मशीनच्या मागचं पत्र्याचं दार उघडून त्याने लेव्हल सगळ्यात खाली आणून ठेवली. तिथे कठड्याला घासलं तरी गाडी आपली आपण सरळ होते, आणि पुढच्या गाड्या धक्का लागायच्या आत बाजूला सरकतात. जिंकलेलं गिऱ्हाईक परत येतं म्हणतात. परत आले ते एकटे अण्णा.

दुसऱ्या कुणाला चार दिवसांत शंका आली असती. पण अण्णांनी तेहतीस वर्षं अँब्युलन्स चालवली होती. समोरच्याने बाजूला होऊन वाट देणं ही त्यांच्या लेखी जगाची रीतच होती.

हे मालकाला कळत नव्हतं असं नाही. रोज गेम संपला की अण्णा "जमतंय की अजून!" म्हणत उठायचे आणि तो "वाघ आहात अण्णा" म्हणायचा. दोघांनाही बरं वाटायचं. तेवढ्याने कुणाचं काय बिघडतंय, असं तो स्वतःला समजवायचा. आज ते शब्द आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अण्णा, एक गेम होऊन जाऊ दे," तो म्हणाला. "नातीला दाखवा तरी."

खरं तोंडाने सांगायची छाती झाली नाही. अण्णा सीट पुढे-मागे करत होते तेवढ्यात तो मशीनच्या मागे गेला, दार उघडलं आणि लेव्हल नेहमीची, सगळ्यांना असते तशी, करून ठेवली. मशीननेच काय ते सांगावं, आपण वाईट कशाला व्हा!

पहिली दोन वळणं ठीक गेली. तिसऱ्यावर अण्णा डावीकडच्या लाल गाडीवर आदळले. मग निळ्या गाडीवर, तीही डावीकडचीच. मग ट्रकवर.

"आजोबा, डावीकडे बघा ना! डावीकडे!" नात ओरडत होती. अण्णा मात्र ताठ बसून, अगदी सराईतपणे चालवत होते. बाजूला होतीलच की, अशा भरवशाने. आठ गाड्यांत त्यांचा नंबर आठवा आला.

"शेवटून पहिले!" नातीने टाळ्या पिटल्या.

अण्णा हसले नाहीत. "काय केलंस रे मशीनला?"

"आज नाही अण्णा. जे केलं ते आधी केलं होतं." खाली मान घालून मालकाने सगळं सांगितलं. लेव्हल, सरकणाऱ्या गाड्या, सगळं. "आत्ता झालं तेच खरं. मुलाला किल्ली परत द्या. पाया पडतो तुमच्या."

"म्हणजे मी बसल्यावर तू मागं जाऊन काहीतरी फिरवलंस."

"हो, पण..."

"पोराचा फोन आला होता तुला?"

"नाही हो!"

"मग महिनाभर मला वाघ म्हणत होतास तो तू खोटा, की हा आत्ताचा?"

मालकाकडे उत्तर होतं, पण त्याला आता काडीची किंमत नव्हती. ती त्याने स्वतःच्याच हाताने घालवली होती.

"चल ग," अण्णांनी नातीचा हात धरला आणि ते बाहेर पडले.

गाडीची दारं लागल्याचा आवाज आला तसा मालक धावत सुटला. अण्णांनी गाडी सुरू केली होती, नात मागच्या सीटवर होती. तो गाडीच्या पुढ्यात गेला आणि डाव्या दिव्यासमोर दोन्ही हात वर करून उभा राहिला.

गाडी हातभर पुढे सरकली.

"आजोबा, थांबा!" नात किंचाळली. "गेमवाले काका उभे आहेत पुढे!"

अण्णांनी ब्रेक दाबला. काचेतून उजवीकडे पाहिलं, समोर पाहिलं, पुन्हा उजवीकडे पाहिलं.

"कुठं?" त्यांनी विचारलं.