एकशे चाळीस काळे डबे

सरकता पट्टा पुन्हा सुरू व्हायला दहा मिनिटं होती, तरी सासूबाई काचेला नाक लावून उभ्या होत्या. पायाशी मोठी पिशवी. पिशवीत एकशे चाळीस काळे डबे, हॉटेलातून जेवण येतं तसले, एकात एक बसवलेले, लख्ख धुतलेले.

"माझे कुठून येतील गं?"

"डावीकडून, आई," म्हणत सून यंत्रासमोरच्या खुर्चीत बसली.

कचरा वेगळा करणाऱ्या या कारखान्यात वर्षातून एक दिवस बाहेरच्यांना आत सोडत. ज्याने त्याने घरून आणलेली पिशवी पट्ट्यावर ओतायची आणि काचेमागून आपला माल जाताना बघायचा. स्कॅनर लावणं हे सुनेचं काम. वरून प्रकाश पडतो, वस्तूवरून परततो, त्यावरून यंत्र प्लास्टिकची जात ओळखतं आणि हवेचा झोत सोडून तिला तिच्या खणात उडवतं. काळा रंग प्रकाश गिळून बसतो. परत काहीच येत नाही. यंत्राच्या लेखी काळा डबा नसतोच. तो सरळ टोकाच्या खड्ड्यात पडतो, आणि खड्ड्यातलं सगळं भट्टीत जातं.

हे सुनेला नोकरीच्या पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. घरी तिने त्यातलं अवाक्षर काढलं नव्हतं.

कारण अर्धांगाच्या झटक्यानंतर सासूबाईंची उजवी मूठ चार महिने उघडली नव्हती. डॉक्टरांनी दाबायला दिलेला रबरी चेंडू खणात पडून राहिला. मग एके दिवशी त्यांनी एक काळा डबा घासायला घेतला. कोपऱ्यातलं तूप निघायचं तर बोट आत घालावंच लागतं. आता अख्खी इमारत त्यांच्या दाराशी डबे ठेवून जायची. एका डब्याला किती गरम पाणी लागतं ते सुनेने एकदा सवयीने मोजलं होतं. आकडा बघून वही मिटली होती.

घंटा झाली. पिशव्या रिकाम्या होऊ लागल्या. सासूबाईंनी शेजारच्या बाईला कोपराने ढोसलं. "ती आत बसलीय ना, ती माझी सून. सगळं तिच्या हातात आहे."

सुनेने ते काचेआडून ऐकलं. पाच मिनिटांचा तर प्रश्न होता. तिने यंत्राला नवी आज्ञा दिली: जिथून काही परत येत नाही, तिथे झोत सोड. माल खण क्रमांक चारमध्ये. संध्याकाळी आपण हाताने काळे डबे वेचून काढू. हिशेब अगदी स्वच्छ वाटला. तिने बटण दाबलं.

पट्टाही काळाच होता. रबरी, काळाकुट्ट. दोन वर्षं रोज समोर असल्याने तो तिला दिसेनासा झाला होता.

हवेच्या सगळ्या नळ्या एकदम सुटल्या. बाटल्या, बरण्या, पुठ्ठे, कुणाची तरी एक चप्पल, जे जे पट्ट्यावर होतं ते सगळं चार नंबरच्या खणात उडालं. मध्येच सासूबाईंचे डबे उठले, कावळ्यांचा थवा उठावा तसे.

"व्वा, काय सपाटा आहे!" पाहुण्यांतले एक आजोबा म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी दोन्ही हात वर केले.

सुपरवायझर धावत आला. लाल बटणावर पंजा मारून त्याने खणात डोकावलं. सकाळपासून निवडलेला पांढराशुभ्र माल खाली होता, त्यावर हा सगळा खिचडा.

"कुणी हात लावला? चार नंबरात चपला?"

"मी," सून म्हणाली.

"तुम्ही?" तो ओरडायला आला होता, पण गोंधळून गेला. "तुम्ही, मॅडम? हा माल आता कोण घेणार? गेला भट्टीत." दारापर्यंत जाऊन तो पुन्हा वळला. "उद्या सकाळी साहेबांना काय ते तुम्हीच सांगा."

बाहेरच्या बाकावर सासूबाई रिकाम्या पिशवीच्या घड्या घालत बसल्या होत्या.

"तो माणूस तुझ्यावर का खेकसला?"

"चूक झाली माझी."

"हं." त्यांनी पिशवी मांडीवर ठेवली. "खरं सांग. एरवी माझे डबे कुठे जातात?"

सून त्यांच्याशेजारी बसली.

"भट्टीत."

"आणि आज?"

"आज सगळ्यांचंच सगळं."

सासूबाईंनी पिशवीची घडी उलगडून पुन्हा घातली. सुनेला वाटलं, रडतील. मग वाटलं, चिडतील. आज सांगितलं हे बरं केलं, की इतके दिवस सांगितलं नाही ते बरं होतं, हेच तिला उमगेना. सकाळचा तो पांढरा माल मात्र डोळ्यांपुढून हलत नव्हता.

"बरं, मला एक सांग," सासूबाई म्हणाल्या. "खरकटा डबा नीट जळतो, की धुतलेला?"

सुनेने विचार केला. असा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता.

"धुतलेला," ती म्हणाली. "पण कोरडा हवा. ओला असला तर आच पाण्यातच जाते."

सासूबाईंनी मान डोलावली.

"मग आजपासून पुसून ठेवत जाईन."