कापडी गाढव

"खरं सांगा, ती मेल कोणी उघडली?"

हॉस्पिटलच्या ऑफिसात सगळे माना खाली घालून बसले होते. संगणक सांभाळणारा इंजिनिअर पुन्हा पुन्हा तेच विचारत होता आणि आता त्याचा आवाज चढला होता. सकाळपासून एकेक संगणक बंद पडत गेला होता. पडद्यावर नुसती खंडणीची मागणी. आत ऑपरेशनसाठी एक पेशंट तयार, बाहेर त्याची मुलगी येरझाऱ्या घालतेय, आणि रिपोर्ट सगळे कुलपात. राखीव प्रती होत्या. पण व्हायरसची लागण कुठून आणि केव्हा सुरू झाली हे कळल्याशिवाय त्यांना हात लावणं म्हणजे पुन्हा तोच घोळ.



इंजिनिअर कामात वाघ होता, त्यात वाद नाही. माणसांना सावध ठेवायची त्याची एक खास पद्धतही होती. अधूनमधून तो स्वतःच फसवी मेल पाठवायचा. जो फसेल त्याच्या टेबलावर एक कापडी गाढव यायचं आणि पुढचा सापडेपर्यंत तिथेच मुक्काम ठोकायचं. सगळ्यांची हसून मुरकुंडी वळायची. नोंदणीच्या ताईंकडे ते आलं तेव्हा ताईही हसल्या होत्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सध्या ते त्यांच्या शेजारच्या कॅशियरकडे होतं.

ओरडून ओरडून त्याचा घसा बसला. पेशंटची मुलगी दारातून डोकावून गेली. तो कॅशियरच्या रिकाम्या खुर्चीत धपकन बसला.

"ताई, कोण चुकलं ते नकोय मला. कुठून सुरू झालं तेवढंच हवंय. मला काही सुचत नाहीये हो."

त्याच्या तोंडून असं काही तिथे कोणी कधी ऐकलं नव्हतं. ताईंनी मान वर केली.

"माझ्याच इथून," त्या म्हणाल्या. "सकाळी आल्या आल्या. बिलाची मेल वाटली. लगेच लक्षात आलं, तेव्हा बाकीचे संगणक चालू होते. तुम्हाला सांगायला उठलेही होते."

"मग?"

ताई कॅशियरच्या टेबलाकडे बघत राहिल्या. "मग बसले खाली."

तो फोन लावून सहकाऱ्याला म्हणाला, "नोंदणीचं मशीन. कालची प्रत चढव." फोन ठेवला आणि हात लांब करून त्याने ते गाढव उचललं.

ताईंनी पाण्याची बाटली आणि चष्म्याचं घर बाजूला सरकवलं, आणि टेबलावर गाढवापुरती जागा केली.