आवाजाची प्रत

"यातलं 'फक्त' काढायला हवं," फ्राउके म्हणाली.

रेन्स्के तिच्या खुर्चीमागे येऊन वाकली. लेवार्डन गावच्या वाचनालयातली वरची खोली त्यांना शनिवारी दुपारी फुकट मिळायची. टेबलांभोवती बसलेले सगळेच नवखे होते. कामही साधं होतं. ज्यांची वाचा गेली आहे अशा माणसांसाठी एक प्रोग्राम होता. पडद्यावरची अक्षरं नुसत्या नजरेने टिपायची, की संगणक ती बोलून दाखवायचा. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून तो लिहिला होता, त्याला मालक नव्हता, आणि त्याची मदतीची पानं कुणालाही सुधारता येत होती. "तुम्हाला काही येत नाही म्हणूनच तुम्हाला बोलावलंय," रेन्स्केने सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. "वाचत जा. जिथे अडाल, ती ओळ बदला."

फ्राउके अडली ती ओळ अशी होती: 'प्रोग्राम अडकल्यास फक्त जुना व्हॉइस डेटा काढून टाका आणि पुन्हा सुरू करा.'

"बरोबर," रेन्स्के म्हणाली. "'फक्त' म्हटलं की सोपंच असेल असं वाटतं, आणि जमलं नाही की नवा माणूस उगाच बिचकतो. एका शब्दाची दुरुस्ती. पहिल्या दिवसाला झकास."

"एका शब्दाची नाही. वर एक ओळ घालायचीय मला."

फ्राउकेने दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं: 'थांबा. यात माणसाचा आवाज आहे. आधी त्याची प्रत काढा.'

"'माणसाचा आवाज' नको हो," रेन्स्के हसत म्हणाली. "सगळ्या पानांवर आपण 'व्हॉइस डेटा' म्हणतो. एकसारखं दिसायला हवं ना."

"तेच वाचलं होतं मी." फ्राउकेने पडद्यावरची नजर काढली नाही. "डेटा म्हणजे आत साठलेला काहीतरी केर असेल, असं वाटलं. टाकला काढून."

शेजारच्या टेबलावरची टकटक थांबली. रेन्स्केने हळूच खिडकीकडे पाहिलं. तिथे चाकाच्या खुर्चीत फ्राउकेचा नवरा डाउवे बसला होता, समोर संगणकाचा पडदा लावलेला. आल्यापासून तो एक शब्द बोलला नव्हता. घरी एकट्याला ठेवता येत नसेल म्हणून बाईने सोबत आणलं, असंच सगळे धरून चालले होते.

"प्रत नव्हती?" रेन्स्केने विचारलं.

"नव्हती. त्याची जीभ जड व्हायला लागली तेव्हा सबंध उन्हाळाभर स्वयंपाकघरात बसून वाक्यं वाचली त्याने. यंत्राने सांगायचं, याने म्हणायचं. शेजारचं कुत्रं भुंकलं की पुन्हा पहिल्यापासून. पुढे त्याच आवाजात बोलता येणार होतं त्याला. जावई संगणक घेऊन गेला होता दुरुस्तीवाल्यांकडे. नाही निघालं परत."

रेन्स्केने ओळ होती तशीच पुढे पाठवली. बदल खरोखर लागू व्हायच्या आधी तो सीब्रनच्या नजरेखालून जायचा. ही पानं कैक वर्षं तोच सांभाळत होता, दुसऱ्या गावात बसून. कॉफी संपायच्या आत त्याचं उत्तर आलं: 'इशारे फार झाले की लोक एकही वाचत नाहीत. "फक्त" काढतो. वरची ओळ नको.'

"वाईट माणूस नाही तो," रेन्स्के ओशाळून म्हणाली. "ढीगभर सूचना येतात त्याच्याकडे."

"नसेल वाईट," फ्राउके म्हणाली आणि तिने हात मांडीवर ठेवले. राग यायला हवा होता. पण तो गेल्या हिवाळ्यातच भांडून, रडून संपला होता. आता फक्त ती ओळ हवी होती.

"त्याला लिहा."

आवाज खिडकीकडून आला. गुळगुळीत, तरुण, स्टेशनवर गाड्यांच्या वेळा सांगतो तसला. सगळ्यांनी माना वळवल्या. डाउवेची नजर पडद्यावर एका अक्षरावरून दुसऱ्यावर सरकत होती. फार हळू. खोलीत कुणी खुर्चीही हलवली नाही.

"हा आवाज माझा नाही."

आणखी काही येईल म्हणून रेन्स्के थांबली. आणखी काही आलं नाही. मग तिने तेवढंच लिहिलं आणि खाली डाउवेचं नाव घातलं.

या वेळी उत्तराला वेळ लागला. कुणीतरी कप विसळून आणले. बाहेर कालव्यावरचा पूल होडीसाठी उघडला, पुन्हा मिटला. मग पडद्यावर अक्षरं आली: 'ओळ ठेवतो. माफ करा. प्रत नीट निघाली की नाही, हे कसं ओळखायचं, तेही लिहा.'

"कसं म्हणजे? ऐकून," फ्राउके म्हणाली. तिने खाली भर घातली: 'प्रत काढली की ती एकदा ऐका.'

ओळीपुढे हिरवी खूण उमटली. मागच्या टेबलावर कुणीतरी टाळी वाजवली आणि लगेच थांबवली.

"कसा होता हो त्यांचा आवाज?" रेन्स्केने विचारलं आणि जीभ चावली.

फ्राउके विचारात पडली. "जाडा," ती म्हणाली. मग मान हलवली. जाडा म्हणून भागत नव्हतं. "मागच्या शेडमधून हाक मारायचा ना मला..." तिने हनुवटी आत ओढली, छातीतून आवाज काढला. "फ्राउके!"

कुणी हसलं नाही. डाउवेची नजर पडद्याकडे गेली.

"अजून खाली," यंत्र म्हणालं.

तिने घसा साफ केला, खोल श्वास घेतला, सूर उतरवला.

"फ्राउके."

"अजून खाली."